अनोळखी माणसानं 'बाळा' म्हटलं तर तुम्हाला कसं वाटतं?

शेवंती
आई गेले नऊ दिवस रुग्णालयात आहे. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर घेऊन चार पावलं टाकते. उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार म्हणावी की नाही, हेच ठरत नाही म्हणून इथे लिहितेय.

आई ७८ वर्षांची. ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. त्या वॉर्डात तिला कोणी नावानं हाक मारत नाही. सकाळी बीपी बघायला येणारी मुलगी म्हणते, "काय गं आजी, झोपलीस का छान?" गोळी देताना, "आ कर बघू मोठ्ठा... शहाणं माझं बाळ ते!" परवा एका तरुण डॉक्टरांनी तिचा गालगुच्चा घेतला आणि "क्यूट आजी" म्हणाले. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्री मला म्हणाली, "पाय मोडलाय माझा, अक्कल नाही मोडली."

मुली मनानं चांगल्या आहेत हो. वसवस करणाऱ्यांपेक्षा हे बरंच म्हणायचं. पण आईचा तो चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. आणि मग माझंच मला आठवायला लागलं. व्हॉट्सअॅपवर कुर्ते विकणारी एक बाई मला प्रत्येक निरोपात "डिअर" म्हणते, तेव्हा मी कपाळाला आठी घालते. मंडईतली मेथीवाली "घे गं माझे बाय" म्हणते, तेव्हा मी जास्तीची जुडी घेऊन येते. दोघीही अनोळखीच. मग फरक कशाचा? तुम्हाला काय अनुभव आहेत?

पोटमाळा
आईंच्या वाक्याला दंडवत. लवकर चालत्या-फिरत्या होवोत.

बोरीबंदर
मला वाटतं आपण फार खोलात जातोय. माझी आई गेली तेव्हा शेवटच्या आठवड्यात एक आयाबाई तिला "माझं सोनं, माझं पाखरू" करून भरवायच्या. आम्ही पोटची मुलं, पण आम्हाला कधी जमलं नव्हतं ते. त्या बाईंचा प्रत्येक शब्द मला आजही गोड लागतो. माणसं प्रेमानं बोलतायत तर बोलू द्यावं. हल्ली कोण कोणाशी बोलतं?

निशिगंध_७
@बोरीबंदर, तुमच्या आईंना ते आवडत होतं, हे तुम्हाला दिसत होतं. शेवंतीच्या आईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, हे तिला दिसतंय. सगळा फरक तिथेच आहे.

आणि "आजी" नि "बाळ" यांना एका माळेत ओवू नका. अनोळखी बाईला आजी, मावशी, ताई म्हणणं म्हणजे तिला आपल्या घरात कुठेतरी जागा देणं. "आजी" म्हणताना तुम्ही तिचं वय मान्य करता. "शहाणं बाळ" म्हणताना तिची अठ्ठ्याहत्तर वर्षं काढून घेता. नोकरी, संसार, सोसलेलं, शिकलेलं, सगळं जातं आणि उरतं ते औषध घ्यायला कुरकुर करणारं मूल.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या इकडे त अनोळखी मानसाले बी 'राजेहो' म्हनतेत. अकोल्याले गाडीतून उतरलो की आटोवाला इचारते, "कुठी जाता राजेहो?" खिशात शंभर रुपये असले तरी मानूस राजा! पहिल्यांदा पुन्याले गेलो, दुकानात शिरलो, त दुकानदार म्हने, "बोला." नुसतं "बोला"! मले वाटलं काई चुकलं काय बाप्पा आपलं.

निशिगंध_७
हाहाहा! पुणेकरांची बाजू मांडायला आता दहा जण येतील बघा.

सदाशिव
"बोला" हे संपूर्ण वाक्य आहे. त्यात स्वागतही आलं.

गादीवरून
मी साडीच्या दुकानात गादीवर २२ वर्षं काढली आहेत, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगतो. काउंटरच्या मागच्या माणसाला समोरच्या बाईला काहीतरी हाक मारावीच लागते. नाव माहीत नसतं आणि "अहो" करून किती वेळ बोलणार? मी लागलो तेव्हा आमच्या शेठनी पहिल्याच दिवशी शिकवलं : "काकू" कधीही म्हणायचं नाही, समोर साठीची बाई असली तरी. सगळ्या "ताई". सोबत नवरा असला तर "वहिनी". लग्नाचा बस्ता असेल तर जी सगळ्यांत मागे गप्प बसलेली असते, तिला "आई" म्हणायचं आणि शालू आधी तिच्या मांडीवर टाकायचा. कारण शेवटी मान ती डोलावते.

तुम्ही म्हणाल हा धंदा झाला. आहेच. पण दिवसातून दोनशे वेळा "ताई" म्हटल्यावर त्याचा थोडासा तरी अंश आत उतरतो. "ताई" म्हणालो त्या बाईला फाटका पदर लपवून साडी बांधून दिली, असं माझ्या हातून एकदाही झालं नाही. "मॅडम"च्या बाबतीत इतकी खात्री देता येणार नाही.

शेवंती
@गादीवरून, काय सुंदर लिहिलंत! माझ्या लग्नाच्या बस्त्यात आजी अगदी तशीच मागे बसली होती. आणि हो, शालू तिनेच ठरवला.

कोपऱ्यातला टेबलफॅन
मला ३१ व्या वर्षी लोकलमध्ये कॉलेजच्या मुलानं "अंकल, जरा बॅग" म्हटलं. बॅग दिली. घरी येऊन केस काळे केले.

दूरदेशी
मी परिचारिका आहे, मुंबईत शिकले, आता बारा वर्षं अमेरिकेत वृद्धांच्या शुश्रूषागृहात काम करते. शेवंतीच्या प्रश्नावर आमच्याकडे चक्क प्रशिक्षण असतं. म्हाताऱ्या माणसाशी लहान मुलासारखं बोलणं, म्हणजे आवाज चढा आणि गाणं म्हटल्यासारखा, वाक्यं तोडकी, "आपण आता आंघोळ करायची हं" असं 'आपण', आणि वर "स्वीटी", "हनी". कॅन्सस विद्यापीठातल्या क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या शुश्रूषेच्या चित्रफिती तपासल्या होत्या. २००९ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. कर्मचारी असं बोलत तेव्हा रुग्ण हात झटकणं, ओरडणं, नको म्हणणं जास्त करत. साधं, मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललं की विरोध कमी व्हायचा. ज्यांना काल जेवलो की नाही हे आठवत नाही, त्यांनाही आपला मान ठेवला जातोय की नाही ते कळतं. मला तर हे रोज दिसतं.

पण त्या मुलींचीही बाजू सांगते. एका पाळीत तीस रुग्ण, त्यात नावं लक्षात ठेवायची कधी? मी मुंबईत वॉर्डात होते तेव्हा मीही सगळ्यांना आजी-आजोबाच म्हणायचे. वाईट हेतू नव्हता. पण "नऊ नंबरची आजी" असंही म्हणायचे, ते आता आठवलं की वाईट वाटतं.

बोरीबंदर
@दूरदेशी, हे माहीत नव्हतं. माझं मत थोडं बदलतंय असं म्हणतो. सगळं नाही.

अर्धवर्तुळ
'डिअर'चा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या कार्यालयात एक वरिष्ठ सगळ्या तरुण मुलींना "डिअर" आणि एखादीला "डार्लिंग" म्हणायचे. मुलग्यांना मात्र आडनावानं. बोललं की उत्तर ठरलेलं : "अगं, मी मुलीसारखं मानतो." पोटच्या मुलीला कोणी डार्लिंग म्हणून फाईल आणायला पाठवत नाही.

२०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पोर्ट ब्लेअर इथल्या पीठानं याबद्दल निकाल दिला होता. अंदमानातली घटना. बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाला एका दारू प्यायलेल्या माणसानं "क्या डार्लिंग, चालान करने आई है क्या" असं विचारलं. अनोळखी स्त्रीला असं संबोधणं ही लैंगिक स्वरूपाची शेरेबाजी आहे, असं म्हणत न्यायालयानं भारतीय दंड संहितेच्या ३५४ अ कलमाखाली त्याला दोषी ठरवणं कायम ठेवलं. शिक्षेची मुदत कमी केली, गुन्हा मात्र गुन्हाच राहिला. शुद्धीत असताना म्हटलं असतं तर ते कदाचित अधिकच गंभीर ठरलं असतं, असंही न्यायमूर्तींनी नोंदवलं. आता तेच कलम भारतीय न्याय संहितेत ७५ क्रमांकाचं आहे.

हे कार्यालयातल्या मैत्रिणींना वाचून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाली, "म्हणजे मला वाटायचं ते माझ्या मनाचे खेळ नव्हते." तिचं ते वाक्य मला निकालाइतकंच मोठं वाटलं.

पोटमाळा
+१. "मुलीसारखं मानतो" हे ज्यानं त्यानं न सांगता कळायला हवं.

डर्बीचा पाऊस
इंग्लंडमधून. मी डर्बीत राहतो. इथे बसचालकापासून पोस्टातल्या बाईपर्यंत सगळे एकमेकांना "मी डक" म्हणतात, म्हणजे 'माझ्या बदका'! पहिल्या आठवड्यात सहा फुटी, दाढीवाल्या प्लंबरनं मला बदक म्हटलं तेव्हा मी बायकोकडे बघितलं, बायको माझ्याकडे. इथून उत्तरेला न्यूकॅसलकडे गेलात तर "पेट", ग्लासगोला बायकांना "हेन" म्हणजे कोंबडी, आणि ब्रिस्टलच्या बाजूला दुकानदार आजीबाई "माय लव्हर" म्हणून सुटे पैसे हातात ठेवते.

पण इथेही हा वाद आहेच. माझ्या मुलीला (ती इथेच वाढली) बाईनं 'डक' म्हटलेलं चालतं, अनोळखी पुरुषानं 'लव्ह' म्हटलेलं चालत नाही. मी म्हटलं, शब्द तर सारखेच. ती म्हणाली, "बाबा, डक सगळ्यांना म्हणतात. तुम्हालाही म्हणतात. लव्ह ते तुम्हाला म्हणतात का?" तेव्हापासून मी हाच निकष लावतो. जो शब्द सगळ्यांना सारखा वाटला जातो, तो सहसा टोचत नाही.

अर्धवर्तुळ
मुलीनं नेमकं बोट ठेवलं! आमच्या साहेबांनी सगळ्या मुलग्यांनाही डार्लिंग म्हणून बघावं.

पायवाट
@डर्बीचा पाऊस, तुमचा निकष वाचला आणि वारी आठवली. २०१८ साली माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चाललो. मी काही माळकरी नाही, मित्रानं ओढून नेलं. तिथे कोणी कोणाला नावानं हाक मारतच नाही. "माउली, पाणी घ्या." "माउली, जरा सरका." बंदोबस्तावरचा पोलीसही दमदाटी करताना म्हणतो, "ओ माउली, रस्ता सोडा!" तरडगावच्या अलीकडे माझ्या पायाला फोड आले, तर एका सत्तरीच्या शेतकऱ्यानं पिशवीतून सुई-दोरा काढला, माझा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाला, "हलू नका माउली."

मी चाळिशीचा बाप्या, मिशीवाला. आणि मला आई म्हणतायत! अनोळखी माणसानं दिलेलं याहून मोठं नाव मला आजवर मिळालेलं नाही. शिवाय ते परत करता येतं. तो मला माउली, मी त्याला माउली. 'बाळा'ला तसं परत देता येत नाही. डॉक्टरांनी 'क्यूट आजी' म्हटल्यावर आईंनी त्यांना 'क्यूट डॉक्टर' म्हणून गालगुच्चा घेतला असता तर चाललं असतं का?

शेवंती
@पायवाट, आईला हे वाचून दाखवलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसली. म्हणाली, "हात पोचला असता तर घेतलाही असता."

रानवारा
सगळे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहिलीय ती लिहितो.

माझ्या आजोबांचं नाव तुकाराम. गावात त्यांना कोणी तुकाराम म्हटलेलं मी ऐकलं नाही. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला वरच्या आळीतली शाळकरी पोरं "ए तुक्या" म्हणायची, आणि आजोबा त्या पोरांना "जी" म्हणायचे. पोरांच्या घरचे म्हणत, "अहो, तुक्या आमच्या घरचाच आहे." घरचा होता, पण पाणी ओंजळीत वरून मिळायचं. म्हणून नाव छोटं केलं की लगेच माया दिसते, असं मला होत नाही. कोण कोणाचं नाव छोटं करतंय, ते मी आधी बघतो.

माझी आई शहरात चार घरची धुणीभांडी करायची. चारही घरांत ती "मावशी". एका घरी अकरा वर्षं होती. तिला डेंगी झाला तेव्हा सुट्टीचं सांगायला मी त्या घरी फोन केला, नाव सांगितलं. पलीकडून, "कोण?" मी म्हटलं, "तुमच्या मावशी." "हां हां, मावशी! मग असं सांगा ना." अकरा वर्षांत नाव विचारलेलं नव्हतं. बाई वाईट नव्हत्या, दिवाळीला साडी द्यायच्या.

मावशी या शब्दात मावशी असतेही आणि नसतेही. मी स्वतः आता सोसायटीत काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी विचारतो. मग मावशी म्हणू की नको, हेही विचारतो.

निशिगंध_७
काही वेळ काही लिहिता आलं नाही. मी वर म्हटलं होतं, "मावशी म्हणणं म्हणजे घरात जागा देणं." हे मी फार सहज लिहून गेले. तुमच्यामुळे कळलं. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्यांचं नाव मला माहीत आहे, आडनाव नाही. उद्या विचारेन.

बोरीबंदर
रानवारा, थँक्यू. आईला भरवणाऱ्या त्या आयाबाईंचं नाव मीही सांगू शकत नाही. इतकं गोड आठवतंय असं वर लिहिलं, आणि नाव नाही.

म्हावरं
गोव्यातून एक. मडगावच्या बाजारात मासळीवाली सगळ्यांना अरे-तुरे करते, "यो गो बाय" म्हणत बोलावते, मग समोर वकील असो की कलेक्टर. पुरुष असेल तर "बाब" किंवा दोस्तीत "पात्रांव". हा शब्द पोर्तुगीजांचा, अर्थ मालक. आणि मजा म्हणजे ज्याला मालक म्हणतात त्यालाच उधारीवरून चारचौघांत झापतात. आमच्याकडे 'तू' म्हटल्यानं कोणी लहान होत नाही. पण माझी सासू देशावरची. तिला पहिल्यांदा बाजारात नेलं तर मासळीवालीनं "तुका किदें जाय?" विचारलं आणि सासूबाई सुरमई न घेता परत आल्या.

सदाशिव
आता गंभीरपणे. मराठीत आपण देवाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो आणि मुलाला तू म्हणतो. माझ्या घरी आजीला तू, आजोबांना मात्र तुम्ही. त्यामुळे नर्सनं "आजी, झोपलीस का" म्हटलं तर ती कोणत्या 'तू'नं म्हणते, हे तिच्या घरच्या आजीवर ठरेल. गावाकडच्या मुलीला आजीला "तुम्ही" म्हणणंच परकं वाटत असेल. 'बाळ' मला पटत नाही, पण त्या 'तू'बद्दल लगेच रागावू नये असं वाटतं.

वऱ्हाडी ठेचा
सदाशिवभाऊ, एवढं बोललात! 'बोला'च्या पुढे गेले राजेहो!

कोरा चहा
माझा अनुभव उलट आहे. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. रात्री अडीच वाजता परभणीच्या एसटी स्टँडवर पुढच्या गाडीसाठी थांबलो होतो. रडत नव्हतो, नुसता बसलो होतो. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या बाईनं बघितलं, काही विचारलं नाही, चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "घे लेकरा." तेवढंच. मी ४४ वर्षांचा होतो आणि दोन तासांपूर्वीच बिनबापाचा झालो होतो. जगात त्या क्षणी मला कोणीतरी लेकरू म्हणायची फार गरज होती. चहाचे पैसे तिनं घेतले नाहीत.

तिनं "सर" म्हटलं असतं तर मी कदाचित आजही त्या बाकावर बसलेलो असतो.

दूरदेशी
कोरा चहा, वाचताना डोळे भरले. तिनं आधी तुमच्याकडे बघितलं होतं. मग शब्द आला.

पोटमाळा
शेवंती, आई कशा आहेत? त्या नर्सशी बोललात का?

शेवंती
काल घरी आणलं. बोलले, म्हणजे मी नाही, आईच बोलली.

परवा संध्याकाळी ती मुलगी गोळ्या घेऊन आली आणि सवयीनं "आ कर बघू" म्हणाली. आईनं तळहात पुढे केला. "गोळी हातावर दे. आणि पाच मिनिटं असतील तर बस." मुलगी घाबरली, तिला वाटलं तक्रार करणार. आईनं विचारलं, "तुझं नाव काय गं?" तिनं आडनावासकट सांगितलं. मी ओशाळले. दहा दिवस मी तिला "सिस्टर" म्हणून हाका मारत होते, तिच्या छातीवर नावाची पट्टी होती आणि मी एकदाही वाचली नव्हती.

मुलगी २३ वर्षांची, नांदेडकडची. सदाशिव म्हणाले तसंच निघालं, तिच्या घरी आजीला 'तू'च म्हणतात. ती आजी मागच्या वर्षी गेली आणि हिला सुट्टी मिळाली नाही. आई म्हणाली, "मग मला आजी म्हण, तूही म्हण. बाळ म्हणू नकोस. मी १९६९ सालापासून दुसऱ्यांची बाळं सांभाळली आहेत." शाळेत सगळे आईला काय म्हणायचे, असं मुलीनं विचारलं. बाई म्हणायचे, दुसरं काय म्हणणार.

घरी निघताना वॉर्डातल्या तिघी-चौघी दारापर्यंत आल्या, "येतो हं बाई, घरी बघायला." त्या तरुण डॉक्टरांशी बोलायचं राहून गेलं. ते मी पत्रात लिहिणार आहे.

निशिगंध_७
पत्र नक्की लिही. आणि गालगुच्च्याचंही लिही, नुसतं 'क्यूट'चं नको.

रानवारा
बाईंना माझा नमस्कार सांगा. ती मुलगी खरंच आली का घरी?

शेवंती
आज सकाळीच आली होती, रात्रपाळी संपवून. आईनं तिला नावानं हाक मारून आत घेतलं आणि आधी जेवायला बसवलं.